डॉमिनारसाठी जास्त चालणारे टायर शोधताना

माझ्या बजाज डॉमिनार ४०० बाइकचा मागचा टायर या पावसाळ्यात संपत आला. संपला म्हणजे पार गुळगुळीत झाला असं नाही, लांबून बघणारा कुणीही म्हणाला असता की अजून सहा महिने आरामात जाईल, कारण कडेची नक्षी जवळपास नवीकोरी होती. पण मधला चार बोटांचा पट्टा पोळपाटासारखा सपाट झालेला, आणि त्या पट्ट्यातल्या खाचांत वाकून बघितलं की तळाचे रबराचे आडवे उंचवटे वर यायला लागलेले दिसत होते. ज्यांनी कधी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, तिथून सरळ वर नक्षीकडे गेलं की खाचेच्या तळाशी तो उंचवटा सापडतो, नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा, मग बाकी टायर कितीही छान दिसू दे.

मला आधी कळलं ते डोळ्यांनी नाही तर हँडलवर. गगनबावड्याच्या रस्त्याला वळणात बाइक झुकवली की आधी ती झुकायलाच तयार नसायची आणि मग एका ठरावीक कोनाला आल्यावर एकदम आत पडायची. सपाट पट्टा संपून गोलाई सुरू होते तिथे एक धार तयार होते, त्या धारेवरून जाताना असं होतं. सरळ हायवेवर जास्त गाडी चालवणाऱ्या सगळ्यांचे टायर असेच झिजतात, त्यात टायरचा दोष नाही. कंपनीतून आलेले एमआरएफ रेव्ह्झ होते, त्यांनी माझं काम चोख केलं, त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

माझं रायडिंग कसं आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. सासर कोल्हापूर, माहेर रत्नागिरी, त्यामुळे आंबा घाट वर्षभर चालू असतो, पावसाळ्यात तर जास्तच कारण आईकडे गणपती. नणंद बंगळुरूला, म्हणजे दुसऱ्या बाजूला बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग असा सहाशेच्या आसपास किलोमीटरचा सरळसोट हायवे, त्यात कधी नवरा मागे असतो आणि दोन्ही बाजूला सॅडलबॅग भरलेल्या. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे त्यामुळे ते झिजवणं आपल्या नशिबात नाही. पण सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीचं काम चालू, डायव्हर्जन, खडी, मधेच काँक्रीट मधेच डांबर, आणि आंब्याच्या रस्त्यालाही रुंदीकरणाचं काम, पाऊस पडला की लाल चिखल सरळ रस्त्यावर. म्हणजे मला टायर हवा होता तो हायवेवर मध्ये लवकर न झिजणारा आणि त्याच वेळी ओल्या घाटात विश्वास ठेवता येईल असा. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, सगळी गंमत तिथेच आहे.

कारण कडक रबर जास्त चालतं पण थंड आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी देतं, मऊ रबर चिकटतं छान पण हायवेवर खपतं. सिलिका घातलेलं कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, ओल्यात जास्त चांगलं चालतं, म्हणून चांगल्या टूरिंग टायरात ते असतंच. काही टायरांत मधे कडक आणि कडेला मऊ असं दोन प्रकारचं रबर वापरतात, त्याला ड्युअल कंपाउंड म्हणतात, म्हणजे सरळ रस्त्यावर कडक भाग झिजणार आणि वळणात मऊ भाग रस्त्याला लागणार. ऐकायला एकदम बरोबर वाटतं आणि आहेच बरोबर. पण खरेदीच्या वेळी एक बघावं लागतं, एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या साइजमध्ये आतून वेगळा असू शकतो, मोठ्या बाइकच्या साइजला जे तंत्र दिलंय ते आपल्या साइजला असेलच असं नाही, त्यामुळे माहितीपत्रकात वाचलेलं सगळं आपल्याला लागू धरू नये, दुकानदाराला आपला साइज सांगून त्याच साइजचं विचारावं.

मग "किती किलोमीटर चालतो?" हा प्रश्न. मी ओळखीच्या सगळ्या डॉमिनारवाल्यांना विचारलं आणि उत्तरं आली बारा हजारापासून ते पंचवीस हजारापर्यंत, त्याच टायरची! सुरुवातीला वाटलं कुणीतरी फेकतंय, पण एकेकाचं ऐकत गेले तसं लक्षात आलं की सगळे खरं सांगतायत. बारा हजारवाला रोज नवऱ्याबायकोचं वजन घेऊन, सिग्नल सुटला की पहिला निघणारा. पंचवीसवाला एकटा, ऐंशी-नव्वदच्या वर न जाणारा आणि दर आठवड्याला हवा तपासणारा. मागच्या टायरला झिजवतात त्या गोष्टी म्हणजे वजन, थ्रॉटल, वेग, उन्हाळ्यातला तापलेला रस्ता, रस्त्याचा खरखरीतपणा आणि कमी हवा. काँक्रीटच्या रस्त्याला पाणी जावं आणि पकड मिळावी म्हणून आडव्या रेघा ओढलेल्या असतात, त्या रबर खातात, आणि मे महिन्यात दुपारी विजापूर-सोलापूर बाजूला गेलात तर रस्ताच टायरला तापवतो. त्यामुळे दुसऱ्याचा किलोमीटरचा आकडा घेऊन टायर निवडण्यात अर्थ नाही, त्याचं रायडिंग आपल्यासारखं असेल तरच तो आकडा आपल्या उपयोगाचा.

हे डोक्यात पक्कं बसल्यावर मी प्रश्नच बदलला. टायर एकूण किती चालेल ते बाजूला ठेवलं आणि विचारायला लागले की दोन तृतीयांश झिजल्यावर तो पावसात कसा वागतो. कारण नवा असताना बहुतेक चांगले टायर ओल्यात ठीकच असतात, खाचा खोल असतात, पाणी निघून जातं. खाचा उथळ झाल्या की खरा फरक कळतो. वीस हजार चालणारा टायर शेवटचे सात हजार पावसात भीती दाखवणार असेल तर माझ्या दृष्टीने तो तेरा हजारांचाच टायर, कारण आंबा घाटात मी त्याच्यावर बसणार नाही. या एका निकषावर माझी निम्मी यादी कापली गेली.

साइज मात्र मी बदलला नाही. पुढे ११०/७० आर१७, मागे १५०/६० आर१७. बरेच जण सांगतात की मागे १४०/७० टाक, बाजूची भिंत उंच, खड्ड्यात मऊ, मिळतोही सहज. कागदावर गणित मांडलं. १५०/६० म्हणजे रुंदी १५० मिलिमीटर आणि भिंत त्याच्या ६० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. १४०/७० ची भिंत ९८. दोन्ही बाजूंना धरून टायरचा व्यास १६ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे अडीच टक्क्यांच्या जरा वर. ऐकायला काहीच नाही, पण स्पीडोमीटर तेवढा चुकणार, आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, पुढच्या-मागच्या चाकाच्या फिरण्याची तुलना करून काम करतं, त्याचं गणित कंपनीने ज्या साइजवर बसवलंय त्यातून ते बाहेर काढायचं कशाला? ज्यांनी टाकलंय त्यांची गाडी चालते हे मला माहीत आहे, मला ते करायचं नव्हतं.

साइजच्या पुढे ते ६६एच किंवा ५४एच लिहिलेलं असतं ना, ते फार कमी लोक वाचतात आणि टूरिंगवाल्याने आधी तेच वाचायला हवं. आकडा म्हणजे लोड इंडेक्स, अक्षर म्हणजे वेग. ६६ म्हणजे एका टायरला ३०० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. एस असेल तर १८०, पी असेल तर १५०. माझी गाडी १९३ किलोची, मी, नवरा, दोन बॅगा, टूलकिट, पाणी मिळून साधारण आणखी पावणेदोनशे धरा, आणि दोघं बसल्यावर जास्तीचं बरंचसं वजन मागच्या चाकावर जातं. म्हणजे ६६ च्या खाली येण्यात काही अर्थ नाही. आणि हे ३०० किलो पूर्ण हवेवर मिळतात, हवा कमी असेल तर टायर तेवढं वजन पेलत नाही, आतून गरम होतो.

रेडियलच घ्यायचा हे ठरलेलंच होतं. रेडियलमध्ये आतले धागे आडवे जातात आणि वरून पट्टा असतो, त्यामुळे भिंत लवचिक राहते, उष्णता कमी तयार होते आणि सलग हायवेवर तोच फायदा मिळतो. बायस, म्हणजे आतले धागे तिरके असलेला टायर, वाईट नाही, जड क्रूझरना, खराब रस्त्यांना तो छान, पण ज्या गाडीला रेडियल दिलाय तिला एक चाक रेडियल आणि एक बायस अशी सरमिसळ करू नये.

आता पर्याय. आपला साइज केटीएम ३९० ड्यूक आणि टीव्हीएस आरआर ३१० सारखाच आहे, हे डॉमिनारवाल्यांचं भाग्य, कारण त्या गाड्यांसाठी जे येतं ते आपल्याला बसतं. पुन्हा एमआरएफ रेव्ह्झ घेणं हा सगळ्यात सोपा मार्ग, कुठेही मिळतो, ताजा मिळतो. अपोलोचा अल्फा एच१, टीव्हीएस युरोग्रिपचा प्रोटॉर्क एक्स्ट्रीम, हे दोन्ही देशी रेडियल, ज्यांनी वापरलेत ते पकडीवर खूश आहेत, पण त्यांचा रोख स्पोर्टी चालवण्याकडे जास्त. मेट्झेलरचा स्पोर्टेक सुंदर टायर, पण तोही स्पोर्ट टायर, माझ्या हायवेला तो पुरला नसता. आणि मिशलिनचा रोड ५, हा मात्र मुळातच स्पोर्ट-टूरिंगसाठी बनवलेला, आरआर ३१० ला २०२० च्या मॉडेलपासून कंपनीतूनच येतो, त्याच ११०/७० आणि १५०/६० साइजमध्ये.

रोड ५ वर मी अडकले ते त्याच्या खाचांमुळे. त्यात बारीक चिरा आहेत त्या वरून अरुंद आणि आत गेल्यावर रुंद होतात, म्हणजे टायर झिजत जातो तशी चीर मोठी होत जाते आणि पाणी वाहून न्यायला जागा शिल्लक राहते. असा आकार नेहमीच्या साच्यात काढता येत नाही म्हणून साच्याचे ते भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवतात. २०१८ मध्ये हा टायर आला तेव्हा कंपनीचा दावा होता की ५,६३६ किलोमीटर चाललेला रोड ५ ओल्या रस्त्यावर त्याच्या आधीच्या नव्याकोऱ्या पायलट रोड ४ इतक्याच अंतरात थांबतो. तो दावा मोठ्या बाइकच्या साइजवरच्या टेस्टचा आहे, मी तो माझ्या १५० च्या टायरला जसाच्या तसा चिकटवत नाही. पण टायर बनवणाऱ्याने झिजलेल्या टायरच्या ओल्या ब्रेकिंगबद्दल बोलणं, हेच मला हवं होतं. बाकी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं, सगळे नव्या टायरच्या फोटोत मग्न.

किमतीचं. मला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे रोड ५ च्या एका मागच्या टायरच्या पैशात देशी जोडी जवळपास येत होती, त्यामुळे घरी चर्चा झालीच. नवऱ्याला मी वहीत करून दाखवलं. समजा एक टायर सात हजारांचा आणि पंधरा हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला साधारण ४७ पैसे. दुसरा बारा हजारांचा आणि वीस हजार चालला, तर ६० पैसे. फरक १३ पैशांचा. पेट्रोल शंभरच्या वर, गाडी अठ्ठावीस-तीसचं अॅव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या पुढे आपण नुसतं जाळतोच. त्यात १३ पैसे ओल्या घाटातल्या ब्रेकसाठी द्यायला मी एका पायावर तयार आहे. तोही तयार झाला, मागे तोच बसतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे दहा हजार मूळ किमतीच्या टायरला जिथे १२,८०० लागायचे तिथे ११,८००. गणपतीच्या आधी हे जाहीर झालं नव्हतं पण चर्चा होती, आणि गणपतीला आम्ही बसनेच गेलो कारण जुन्या टायरवर घाट उतरायचा नव्हता, त्यामुळे थांबायला हरकत नव्हती.

मिळणं हा वेगळाच विषय. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात मोकळ्या यादीतून प्रतिबंधित यादीत टाकली, म्हणजे आणायचं तर डीजीएफटीचं, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याचं, लायसन्स हवं, शिवाय इथे विकायच्या टायरवर आयएसआय मार्क हवाच. त्यामुळे विदेशी ब्रँडचे ठरावीक साइज कधी येतात, कधी महिनोन् महिने गायब. आणि माल कमी येतो म्हणून जो असतो तो दुकानात जुना होत पडतो. म्हणून तारीख बघणं. टायरच्या भिंतीवर डीओटी पासून सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. बऱ्याचदा हे आकडे एकाच बाजूला असतात, त्यामुळे रॅकवर टायर उलटा ठेवला असेल तर दिसत नाहीत, काढून फिरवून बघायचा.

एका दुकानात मी मोबाइलचा टॉर्च लावून बघायला लागले तर मालक म्हणाला, "ताई, टायर म्हंजे टायर, तारखेनं काय हुतंय, रबर काय नासतंय व्हय?" टायर तीन वर्षांपेक्षा जुना निघाला आणि बाहेर ऊन लागेल असा टांगलेला होता. सावलीत नीट ठेवलेला वर्षा-दीड वर्षाचा टायर मी बिनधास्त घेईन, त्यात काही बिघडत नाही. पण ऊन आणि हवा रबराला कडक करतात, बारीक तडे जातात, आणि तुम्ही पैसे देता पूर्ण आयुष्याचे. मिशलिन स्वतःच सांगतं की पाच वर्षं वापरल्यावर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी असली तरी बदला. आपल्याकडे हमरस्त्यावर जुन्या टायरला गरम हत्याराने खाचा मारून देणारेही असतात, तसला टायर दुचाकीला कुणी फुकट दिला तरी लावू नका, खाच मारताना आतल्या धाग्यांवर फक्त पापुद्रा उरतो.

शेवटी पुण्याच्या एका डीलरकडे जोडी मिळाली, दोन्ही त्याच वर्षातल्या. त्याने आधी डेट कोडचे फोटो पाठवले, मग मी पैसे टाकले, पार्सल कोल्हापूरला. पुढचा बदलायचा की नाही यावर जरा विचार केला, कारण पुढचा टायर मागच्याच्या जवळपास दुप्पट चालतो आणि माझ्या पुढच्यात नक्षी होती. पण हाताने एका दिशेने चाचपलं की लागत नव्हतं आणि उलट्या दिशेने फिरवलं की बोटांना प्रत्येक ठोकळ्याची कड लागायची. ब्रेकिंगने पुढच्या टायरला असं कपिंग होतं, साठच्या आसपास हँडलला हलकी घरघर येते ती याचीच. वयही झालं होतं. घाटात सगळं ब्रेकिंग पुढच्यावरच असतं, त्यामुळे जोडीच.

फिटिंग उद्यमनगरातल्या एका काकांकडे केलं, त्यांच्याकडे दुचाकीच्या अॅलॉयचं मशीन आहे. मी शेजारी उभी राहूनच करून घेतलं आणि प्रत्येकाने तसंच करून घ्यावं. लोखंडी पहारीने टायर काढणारे रिमच्या ओठावर ओरखडे पाडतात आणि मग ट्यूबलेस टायर तिथूनच हळूहळू हवा सोडतो. काकांनी मशीनच्या पकडीला प्लास्टिकचे तुकडे लावले, डिस्क आणि एबीएसची रिंग खाली दाबली जाणार नाही अशा बाजूने चाक ठेवलं. जुना टायर उतरल्यावर रिमची आतली कड कापडाने पुसली, त्यावर वाळलेल्या जुन्या साबणाचा थर होता तो खरवडला. वॉल्व्ह नवा टाकला, तो पन्नास-शंभरात येतो आणि जुना ठेवण्यात काही शहाणपण नाही. नव्या टायरवरचा बाण बघितला, फिरण्याची दिशा, आणि पिवळा ठिपका वॉल्व्हसमोर आणला, तो टायरचा सगळ्यात हलका भाग असतो आणि रिमवर वॉल्व्हची जागा जड. मग साबणाचं पाणी लावून हवा भरली, आधी एक बाजू टक् करून बसली, मग दुसरी. बसल्यावर काकांनी चाक हळूहळू फिरवत रिमच्या कडेपासून टायरवरची बारीक गोल रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बोटाने बघितलं. एका ठिकाणी ती आत होती. त्यांनी हवा सोडली, पुन्हा साबण लावला, पुन्हा भरली. घाईत असता तर कुणीही ते तसंच सोडलं असतं आणि मग मी शंभराला हादरे कशाचे येतात म्हणून शोधत बसले असते.

बॅलन्सिंग आपल्याकडे दुचाकीला करतच नाहीत, "गरज नसती" म्हणतात. काकांनी स्टँडवर अॅक्सल टाकून चाक मोकळं सोडलं, जड भाग आपोआप खाली येऊन थांबतो, त्याच्या बरोबर समोर चिकटवायची वजनं लावली, असं चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबेपर्यंत. मागच्याला थोडीच लागली, पुढच्याला त्याहून कमी. चाक परत बसवताना चेनचा ढिलेपणा आणि स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत का ते बघून घेतलं, आणि निघण्याआधी दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबले, कारण चाक काढताना पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. हे विसरून थेट रस्त्यावर जाणं फार धोक्याचं आहे.

नव्या टायरचा वरचा पृष्ठभाग साच्यातून आल्यामुळे गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले शंभर-दीडशे किलोमीटर मी शांतपणे चालवली, जोतिबा, पन्हाळा असं करत, झुकवणं हळूहळू वाढवत. पहिल्या वळणालाच फरक कळला, बाइक आपोआप, एकसारखी झुकते, मधे कुठे अडखळत नाही. हा फरक नव्या गोल टायरचा आहे, कोणताही चांगला टायर टाकला असता तरी एवढा जाणवला असताच, त्याचं श्रेय एका ब्रँडला देत नाही.

परतीच्या पावसात आंबा घाट उतरले तेव्हा मात्र टायरबद्दल बोलता येईल असं काही मिळालं. धुकं, रस्त्यावर पाण्याचे ओघळ, कामाच्या ठिकाणी लाल चिखलाचा पातळ थर. चिखलाच्या थरावर कोणताच रस्त्याचा टायर पकड देत नाही आणि यानेही दिली नाही, तिथे हळूच जायचं, ब्रेक सोडून, बाइक सरळ ठेवून. पण नुसत्या ओल्या डांबरावर, समोर एसटी अचानक थांबली तेव्हा पुढचा ब्रेक जोरात दाबूनही एबीएस जागं झालं नाही, गाडी सरळ रेषेत थांबली. साखरप्याला चहाला थांबले तेव्हा हात अगदी सैल होते. जुन्या टायरवर हाच घाट उतरून आले की मनगटं दुखायची.

हवेबाबत मी आता कडक आहे, कारण टायर कितीही महाग असला तरी कमी हवेवर तो कडेला आणि जास्त हवेवर मधे झिजणार. पंपावरचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून स्वतःचा डिजिटल गेज घेतला, तीन-चारशे रुपयांत येतो, आणि हवा सकाळी गाडी हलवायच्या आधी बघते. मॅन्युअलमधला आकडा थंड टायरचा असतो. तासभर हायवेवर चालल्यावर बघितलं तर चार-पाच पीएसआय जास्तच दिसणार, ती हवा काढून टाकायची नाही, कारण टायर थंड झाला की तो कमी पडेल. दोघं असलो की मॅन्युअलमध्ये पिलियनसाठी जो मागचा आकडा दिलाय तोच, परत आले की पुन्हा एकट्याचा. नायट्रोजनसाठी जास्तीचे पैसे मी देत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंक्चर मधल्या पट्ट्यात असेल तर दोरीचा प्लग मारून घरी यायचं आणि मग टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावायचा, भिंतीला पंक्चर असेल तर टायरच बदलायचा, तिथे तडजोड नाही.

दिवाळीत बंगळुरूला दोघं जाऊन आलो, बॅगा भरून. आल्यावर खोली मोजायच्या गेजने मागच्या टायरच्या मधल्या आणि कडेच्या खाचा मोजल्या आणि वहीत तारीख, ओडोमीटर, दोन्ही आकडे लिहून ठेवले, पुढच्या सर्व्हिसला पुन्हा मोजणार. मधे फरक पडायला सुरुवात झालीय पण सपाटपणा अजून डोळ्याला दिसत नाही.

परवा धाकटे दीर आले होते, त्यांची मेटिऑर ३५० आहे. म्हणाले, "वहिनी, मला पण हेच टायर सांगा ना तुमच्या त्या माणसाला." त्यांना सांगितलं की भावजी, तुमचा साइजच वेगळा, पुढे १००/९० एकोणीस इंची, मागे १४०/७० सतरा इंची, गाडी क्रूझर, चालवणं रोज इचलकरंजीला कारखान्यात जाऊन येणं, घाट वर्षातून एकदा. तुम्हाला हा टायर शोधायची गरजच नाही. बाहेर जाऊन त्यांच्या गाडीचा मागचा टायर बघितला, नक्षी भरपूर होती, पण हवा सांगितलेल्यापेक्षा आठ पीएसआय कमी. ती भरून दिली आणि लोड इंडेक्सचा आकडा दाखवून ठेवला, बदलायची वेळ येईल तेव्हा यापेक्षा कमी घेऊ नका म्हणून.